मे महिन्यात मुले घरीच राहू द्यावीत

परीक्षा संपल्या की आमच्याकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सुट्टीत मुलांना कोणत्या क्लासला घालायचे? इंग्रजी संभाषण, गणित, संगणक अशी यादी लांबत जाते व तिच्याबरोबर फीही. आमचे मत वेगळे आहे. आठवी-नववीपर्यंतच्या मुलांचा मे महिना घरच्या परड्यात, जपमाळेत आणि वाचनात जावा. आमच्या घरी आम्ही तसेच करतो.

यावर काही बंधुभगिनी म्हणतील की, ज्यांना शेत आहे त्यांना हे बोलणे सोपे. त्यांनी संत इसिदोर आठवावेत. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा हा शेतमजूर. स्वतःची शेती त्याला नव्हती. 12 मार्च 1622 रोजी त्याला संतपद मिळाले ते आपल्या गोंयच्या सायबाबरोबर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर, एकाच दिवशी. त्याचा सण 15 मे रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत येतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळीचे दोन खुंट व अळू वाढवण्याइतकी जागा बहुतेकांकडे असतेच. तीही नसेल तर जुन्या फुटक्या बादलीत मिरचीचे रोप लावता येते.

मुलांना पहिले काम द्यावे ते खताच्या खड्ड्याचे. तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा पुरतो. तळाशी काटक्या, त्यावर वाळला पाला, त्यावर भाजीची देठे-साली, वर शेणकाल्याचा हात व मुठीभर माती, असे थर देत जावे. उरलेले मटण-मासे त्यात टाकू नयेत, कुत्री खड्डा उकरतात. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. महिन्याने सारे खालीवर करायचे. पाऊस सुरू झाला की वर जुना पत्रा झाकावा, नाहीतर खताचा कस वाहून जातो. मे महिन्यात भरलेला खड्डा मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरात, काढायला येतो. आपण टाकलेल्या घाणीची काळी, मातीच्या वासाची भुकटी झालेली पाहून मुलाला जे समजते ते विज्ञानाच्या पुस्तकातील चित्रावरून समजत नाही. आणि हो, शेण कालवण्याचे काम मुलींकडे व पाणी मारण्याचे मुलांकडे ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी वळवाच्या पावसानंतर रोवून ठेवावी. पाल्याची भाजी लोह व अ जीवनसत्त्व देते. आपल्या बायकामुलींत रक्त कमी असण्याची तक्रार जुनी आहे, तरी दारातला पाला शेळीला जातो आणि टॉनिकची बाटली बाजारातून येते.

उन्हाचे मात्र भान ठेवावे. काम सकाळी नऊपर्यंत, मग थेट पाच वाजल्यानंतर. डोक्याला टोपी किंवा टॉवेल हवा. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून (चमचा चहाचा) घोटघोट द्यावे. अंग तापले, मूल बरळू लागले किंवा सुस्त पडले तर ते सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा व लगेच दवाखाना गाठावा. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

दुपार वाचनाची. येथे आम्हांला सर्वांत जास्त बोलायचे आहे. आमची कितीतरी मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. त्यात वाईट काही नाही. परंतु घरी मराठी बोलणारे मूल मराठी मिसेत वाचपीठापाशी उभे राहिले की अडखळते, आणि मग ते पुन्हा पुढे येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आले, परक्या देशाची भाषा शिकले व 1616 साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ओवीछंदात, हजारो ओव्यांचे. एका परदेशी धर्मगुरूने जी भाषा एवढ्या प्रेमाने आपलीशी केली, ती आपल्याच नातवंडांना वाचता येऊ नये?

उपाय महागडा नाही. रोज दुपारी प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचावे. आजीने ऐकावे व चूक सुधारावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मुलांना पेलते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रॉटेस्टंट घरातील म्हणून बाजूला ठेवू नयेत. हसता हसता दोन पाने जास्त वाचून होतात. रात्री जपमाळेनंतर दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान एका मुलाने वाचावे. पेरणाऱ्याचा दाखला ज्याने सकाळी स्वतः आळे केले आहे त्याला फारसा समजावून सांगावा लागत नाही.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी आळी तयार हवीत. ज्यांच्या घरी राखेत ठेवलेले दोडका, घेवडा, भेंडी यांचे घरचे बी शिल्लक असेल त्यांनी मूठभर कागदात बांधून, वर नाव लिहून 15 मेच्या मिसेला आणावे. फादरांनी त्यावर आशीर्वाद द्यावा व मग ते बियाणे मुलांनीच घरोघरी वाटावे, अशी आमची सूचना आहे.