करंगळी बधिर झाली तर जायचं कुणाकडे?

आधी एक करून बघा. वर्तमानपत्राचा एक कागद घ्या. त्याचं एक टोक उजव्या हाताच्या आणि दुसरं डाव्या हाताच्या अंगठ्यात धरा, म्हणजे अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये. अंगठे सरळ ठेवा आणि कागद दोन बाजूंना ओढा. दोन्ही अंगठे सरळ राहिले तर छान. पण एका हाताचा अंगठा वरच्या पेरात वाकून कागद दाबायला लागला, तर त्या हाताची एक नस अडचणीत असू शकते. फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ही खूण 1915 च्या सुमारास सांगितली. शंभर वर्षं उलटून गेली, खर्च शून्य रुपये. तरी आपल्यापैकी किती जणांना दवाखान्यात कुणी हे करायला सांगितलंय?

या नसेचं नाव अल्नर नर्व्ह. मानेतून निघते, दंडातून खाली येते, कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं जे टोक लागतं त्याच्या मागून एका अरुंद बोळातून जाते आणि थेट करंगळीपर्यंत पोचते. कोपर दाराला आपटला की करंट लागल्यासारख्या झिणझिण्या येतात ना, ती हीच. कातडीखाली लगेच असते, वर मांसाची गादी नाही. कोपर दुमडला की ती ताणली जाते आणि बोळ आणखी अरुंद होतो. रोज तासन्‌तास हेच चाललं की नस दबते. आधी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते. मग पकड सुटायला लागते. कुलपात किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. शेवटी अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खोल जातो. हातात नस दबण्याच्या प्रकारांत मनगटातल्या कार्पल टनेलचा पहिला नंबर आणि कोपराचा दुसरा. म्हणजे हा काही लाखात एकाला होणारा आजार नाही.

हे मी वाचून सांगत नाही, मला झालं होतं. आम्हा तालुक्याच्या पत्रकारांचं काम म्हणजे एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने टिपणं आणि दोन्ही कोपर टेबलाच्या कडेवर. गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताची करंगळी बधिर व्हायला लागली. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठले. त्यांनी बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी मानेचा मणका सांगितला, कॉलर दिली, मानेचा एमआरआय काढायला लावला. दोन महिने आणि नऊ हजार रुपये गेले. तिसऱ्या डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने दोनदा ठोकलं, करंट सरळ करंगळीत गेला. ते म्हणाले, "मान सोडा, दुखणं इथं आहे." खात्रीसाठी नसेचा वेग मोजणारी तपासणी करावी लागते, तिला एनसीव्ही म्हणतात. आमच्या तालुक्यात मला ती कुठे मिळाली नाही. मिरजेला जाऊन केली.

उपचार काय होता? रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळून झोपायचं, म्हणजे झोपेत हात दुमडत नाही. फोनला इअरफोन लावायचा. टेबलाच्या कडेला फोमची पट्टी. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले नस मोकळी ठेवायचे व्यायाम. चार महिन्यांत बोट जागं झालं. टॉवेल घरचाच होता.

आता दुसरी बाजू. आमच्या पेठेत एक टेलर आहेत. पन्नाशी ओलांडलेले, अख्ख्या पेठेच्या लग्नांचे कपडे त्यांनी शिवलेत. नाव लिहीत नाही. दिवसाचे दहा तास हात दुमडलेले, कापताना कोपर फळीवर. त्यांचीही करंगळी गेली. त्यांनीही डॉक्टर केले, एक नाही तीन. प्रत्येकाने नसांच्या गोळ्या दिल्या. मी एनसीव्हीचं सांगितलं तर म्हणाले, "दादा, एक दिवस दुकान बंद, गाडीभाडं, वर तपासणीचे पैसे. लग्नसराई होऊ द्या." यात त्यांचं काय चुकलं? ज्याचा दिवस बुडाला की चूल अडते, तो मुंग्यांसाठी मिरजेला जात नाही. गेले तेव्हा अंगठ्याजवळ खड्डा पडलेला होता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. झिणझिण्या थांबल्या. पण सुई धरायची चिमूट परत आली नाही. आता काजं-बटणं बाहेरून करून घेतात, त्याचे पैसे वेगळे जातात.

इथे या आजाराचं गणित समजून घ्यायला पाहिजे. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून पंजातल्या स्नायूंपर्यंत अंतर पंचवीस-तीस सेंटिमीटर. म्हणजे नस मोकळी केली तरी तिला पंजापर्यंत पोचायला दहा महिने लागू शकतात. आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू सहसा पुन्हा कामाला लागत नाही. ऑपरेशन तसं मोठं नाही, नसेवरचा पट्टा कापून तिला जागा करून द्यायची. कधी तिला हाडाच्या पुढे सरकवतात. दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे, आरामात फारसा फरक आढळला नाही. ऑपरेशन कोणतं यापेक्षा रुग्ण किती लवकर आला, यावर हात ठरतो. पहिल्या टप्प्यात टॉवेल पुरतो. शेवटच्या टप्प्यात लाख रुपये घातले तरी चिमूट येईलच असं नाही.

मग आपली आरोग्य व्यवस्था कोणत्या टप्प्यावर भेटते? महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा गाभा भरती होऊन घ्यायच्या उपचारांचा. निदानाआधीच्या बाहेरच्या तपासण्या, फिजिओथेरपीच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी हे सगळं आपल्या खिशातून. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेला वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते, पण त्यासाठी दहा किंवा जास्त कामगारांची आस्थापना आणि 21 हजारांच्या आतला पगार लागतो. एकट्याने मशीन चालवणारा टेलर, गाळ्यात बसणारा कारागीर, खिडकीवर कोपर टेकवून चालणारा टेम्पोवाला यात कुठे बसतो? बसत नाही.

कायद्याची यादी बघा. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 रोग होते. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गिरणी कामगारांचा बिसिनोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. काम करून दबलेली नस नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली आपली यादी सुधारली, त्यात स्नायू, सांधे आणि हाताच्या अशा विकारांचा वेगळा गट आहे, कार्पल टनेल तर नावानिशी आहे. यादीत नाव नसलं की कारखान्याच्या डॉक्टरला नोंद करावी लागत नाही. नोंद नसली की आकडा नाही. आणि आकडा नसला की मंत्रालयात कुणी विचारत नाही. आम्हा पत्रकारांनाही मग बातमी मिळत नाही, कारण माहिती अधिकारात अर्ज केला तरी उत्तर येणार, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही."

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही नस ओळखणारी माणसं सरकारकडे आहेत. गेली कित्येक वर्षं आहेत. कुष्ठरोग विभागात!

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात, आणि कोपरामागची ही नस कातडीलगत असल्यामुळे सर्वांत जास्त तीच सापडते. ती जाड होते, बोटाला दोरीसारखी लागते. म्हणून कुष्ठरोगाचे कर्मचारी बॉलपेनच्या टोकाने तळहाताची संवेदना तपासतात, करंगळी बाजूला करायला सांगून तिच्यावर जोर लावून ताकद बघतात. दोन मिनिटांचं काम. देशाने डिसेंबर 2005 मध्ये राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, पण नवे रुग्ण आजही सापडतात, आपल्या राज्यातही सापडतात. म्हणून सांगतो, करंगळी बधिर असेल आणि अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर लाजू नका, लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आणि नसेची ताकद जाऊन सहा महिने व्हायच्या आत आलात तर ती परत येण्याची आशा चांगली असते.

आता यातली गंमत बघा. आशाताई शोधमोहिमेत घरोघर येतात, बधिरपणा आहे का विचारतात. संशय आला तर पुढे पाठवतात, तिथे तपासणी होते. कुष्ठरोग निघाला तर उपचार सुरू. नाही निघाला तर? माझ्या पाहण्यात तरी "कुष्ठरोग नाही" एवढं सांगून माणूस घरी. त्याची नस मात्र दबलेलीच असते. एका खात्याने ती ओळखली, पण ती त्या खात्याची नाही म्हणून कागद बंद.

यात आणखी एक वर्ग आहे. लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडला, गावातल्या हाडवैद्याने बांधला, हाड वाकडं जुळलं. मुलगा खेळायला लागला, सगळे विसरले. वीस वर्षांनी त्याची करंगळी बधिर होते. वाकड्या कोपरावरून ती नस रोज ताणली जात असते. एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकाला हे माहीत आहे. आपल्या गावात वाकड्या कोपराची माणसं प्रत्येकाला आठवतील. त्यांना कुणी कधी विचारलंय, बाबा, करंगळी शुद्धीवर आहे का?

कुणी म्हणेल, डेंग्यू आहे, बाळंतपणं आहेत, साप चावलेल्याला लस मिळत नाही, आणि तुम्ही करंगळीचं काय घेऊन बसलात? रास्त प्रश्न आहे. पण मी हजार कोटींचं हॉस्पिटल मागत नाहीये. मागणी चार ओळींची आहे.

एक, शोधमोहिमेत ज्याला कुष्ठरोग नाही पण हात बधिर आहे, त्याला चिठ्ठी देऊन हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा आणि गेला का ते बघा. दोन, एनसीव्ही तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुरू राहू द्या, आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस उपजिल्हा रुग्णालयात. तीन, ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि हाताचे साधे पट्टे. चार, कामामुळे होणारे नसांचे विकार कायद्याच्या यादीत घ्या, म्हणजे निदान नोंद होईल.

पहिल्या मागणीला तर नवा माणूस लागत नाही, नवी इमारत लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं तरी होतं.

आणि ते होईपर्यंत आपण काय करायचं? रात्री मुंग्या येत असतील तर कोपराला टॉवेल गुंडाळा. कोपर कडेवर टेकवू नका, फोन कानाला धरून तासभर बोलू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर असेल तर दुखणं बहुतेक मनगटात. करंगळी असेल तर कोपरात, क्वचित मानेत. डायबिटीस असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. महिनाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, "साहेब, एकदा कोपर बघता का?" बोटं अशक्त वाटत असतील, अंगठ्याजवळ खड्डा दिसत असेल तर तो महिनाही थांबू नका.

येत्या ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय कुणीतरी मांडा. आमच्या तालुक्यातल्या बैठकीत मी मांडणार आहे, काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन. तोवर ही पोस्ट तुमच्या टेलरला, सोनाराला, टेम्पोवाल्याला पाठवा. वाचायला वेळ नसेल तर कागदाची परीक्षा तेवढी त्यांच्यासमोर बसून करून घ्या.