थर्मामीटर आणि दोन ग्रंथी

सकाळी अंथरुणातच काखेत थर्मामीटर लावावा, आठवडाभर नोंदी ठेवाव्यात. तापमान सतत कमी भरले तर थायरॉइड मंद, रोज वरखाली झाले तर अ‍ॅड्रिनल थकलेली, असा ठोकताळा आपणही ऐकला असेल. यातील थायरॉइडचा भाग अमेरिकेतील डॉ. ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ मध्ये मांडला. त्या काळी टीएसएच मोजण्याची सोय नव्हती.

वाचकहो, उतारवयात शरीराचे तापमान मुळातच थोडे कमी असते. ऋतू, झोप, आहार व औषधे यांनीही ते बदलते. त्यामुळे अशा नोंदींवरून दोन ग्रंथींतील भेद ठरत नाही.

तो लक्षणांवरून सुचतो आणि रक्ततपासणीने ठरतो. थायरॉइड मंदावल्यास थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ होते, वजन वाढते. अ‍ॅड्रिनल उणी पडल्यास वजन घटते, उभे राहताच भोवळ येते, काहींची त्वचा व हिरड्या काळवंडतात. पहिलीसाठी टीएसएच व टी-४, तर दुसरीसाठी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासतात.

हा भेद जिवाशी निगडित आहे. अ‍ॅड्रिनलची उणीव असताना केवळ थायरॉइडची गोळी सुरू केल्यास रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. दमा वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ते एकाएकी बंद करू नये. उलट्या, ग्लानी व घसरलेला रक्तदाब दिसताच रुग्णालय गाठावे.

थर्मामीटर घरात अवश्य असावा. ज्येष्ठांचे नेहमीचे तापमान टिपून ठेवावे, म्हणजे त्यांचा सौम्य तापही वेळीच ध्यानात येईल.