नमुना पाहणारे डोळे

मालविक्री कायदा, १९३० हा आम्हा बी. कॉम.च्या विद्यार्थ्यांचा पाठांतराचा विषय. त्यातले सतरावे कलम नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचे. माल नमुन्याबरहुकूम असावा, दोन्ही ताडून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळावी, आणि नमुना वाजवी रीतीने तपासूनही दिसणार नाही असा दोष मालात नसावा, असे ते सांगते. पण तपासायचे म्हणजे पाहायचे काय? धान्याच्या, गळिताच्या मालाच्या बाबतीत याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. आणि ते कॉमर्सच्या वर्गात शिकवले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"हे सायन्सवाल्यांचे काम," असे कुणी म्हणेल. पण बाजाराने ही वर्गवारी केव्हाच स्वीकारली आहे. तूर, हरभरा, मूग यांच्या दाण्याची दोन दळे सुटी होतात म्हणून त्यांची डाळ होते. ज्वारी-गव्हाची होत नाही. आमचे कन्नड मित्र तर कडधान्याला 'द्विदळ धान्य' असेच म्हणतात. चवळीचा काळा डोळा आणि वालाची पांढरी रेघ शेंगेत बी जिथे चिकटलेले असते तिथेच सापडतात. सोनाराच्या तराजूत वजन म्हणून बसलेली गुंज, म्हणजे कानडीतली गुलगंजी, तिचा काळा ठिपकाही त्याच जागी.

ही ओळख नसली तर काय होते? १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले. 'ड्रॉप्सी' या रोगाने लोकांची अंगे सुजली, हृदये निकामी झाली, सुमारे ६० माणसे दगावली. पिवळा धोत्रा म्हणजे रस्त्याकडेच्या पडीक जागेत वाढणारे, पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप. त्याचे बी दूरून अगदी मोहरी. तळहातावर घेऊन पाहिले तर मोहरी गुळगुळीत, आणि हे खरखरीत, जाळीदार, एका बाजूला बारीक कंगोरा असलेले. नखाने चिरडले तर फरक आणखी उघड. मोहरीत घडी घातलेली पिवळी दळेच भरलेली असतात, म्हणून ती आतून पिवळी. धोत्र्यात कोंब इवलासा आणि भोवती पांढरा तेलकट गर, म्हणून ते आतून पांढरे. पण एवढे पाहायचे ते घाण्यात पडण्यापूर्वी. तेल निघाले की डोळ्यांचे काम संपले.

लाखेच्या डाळीचे तेच. ही डाळ सतत खाण्यात आली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. अख्खा दाणा पाचरीसारखा कोनदार, तुरीच्या गोलसर दाण्याशेजारी लगेच कळतो. डाळ केली की ओळख पुसट होते. बेसनात दळली की राहातच नाही. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळणाऱ्यांविषयी तर काय बोलावे!

प्रयोगशाळा आहेत हे मान्य. पण रविवार पेठेत पोते उघडून, मूठभर दाणे हातात घेऊन भाव ठरतो, तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल कुणाच्या खिशात असतो? त्या क्षणी मुनीम आणि त्याचे डोळे, एवढेच. आणि आमच्यातले पुष्कळजण उद्या त्याच गादीवर बसणार आहेत.

खर्च म्हणाल तर फारसा नाही. काड्यापेटीच्या वीस-पंचवीस रिकाम्या डब्या, प्रत्येकीत एक जात, वर मराठी-कन्नड दोन्ही नावे. भिंगे बॉटनीच्या कपाटात आहेतच. ती मागायला कॉमर्सचे सर जाणार की आम्ही, एवढेच ठरायचे आहे.