घरचं आहे, म्हणूनच लेबल हवं

ॲलर्जीचा प्रश्न फोडणीपासूनच सुरू होतो. ब्रिटनच्या कायद्यात ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे, त्यात मोहरी आहे. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लूटेन आलं. पुढे चिवड्यातले दाणे, चकलीतले तीळ, लाडवातलं तूप आणि काजू. फराळाचा एक डबा भरला की यादीतली सहा नावं त्यात सहज सापडतात.

मी इंग्लंडमधल्या स्लाउला राहते आणि घरून पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ विकते. इथे नव्याने आलेल्या मुली विचारतात, "काकू, घरून खाद्यपदार्थ विकायला नोंदणी लागतेच का हो? व्हॉट्सॲपवर ओळखीच्या घरांनाच तर द्यायचंय." नेमाने विकायचं असेल तर लागते, आणि ती लागलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

धंदा सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नाव नोंदवायचं. त्याला पैसे पडत नाहीत आणि कौन्सिलला नाही म्हणता येत नाही. मग अधिकारी स्वयंपाकघर बघायला येतात. हात कुठे धुता, फ्रिज किती थंड आहे, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवता का, हे पाहतात आणि शून्य ते पाच यांतला दर्जा देतात. व्हिसाचं मात्र त्याआधी तपासा. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला स्वतःचा व्यवसाय करता येतो. विद्यार्थी व्हिसावर येत नाही, मग तो चार डब्यांचा का असेना.

"आपलीच माणसं आहेत, लेबल कशाला?" हे वाक्य मला सहन होत नाही. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूस ही १५ वर्षांची मुलगी सँडविचच्या पावातल्या तिळांमुळे गेली. पाकिटावर तिळांचा उल्लेखच नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२१ पासून, आधी बांधून ठेवून विकायच्या पाकिटावर सगळे घटक लिहिणं आणि त्यातले ॲलर्जीचे ठळक करणं सक्तीचं झालं. फोनवर ऑर्डर घेतली तरी ॲलर्जीची माहिती विकण्याआधी आणि डबा पोचवताना द्यावीच लागते. इथे वाढलेली आपलीही मुलं दाण्याची ॲलर्जी घेऊन आपल्याच घरांत जेवतात.

दुसरं दुखणं किमतीचं. पुरण शिजवा, वाटा, पोळ्या लाटा, भाजा, गार करून बांधा. आणि किंमत लावताना फक्त डाळ, गूळ आणि गॅस धरा. एप्रिल २०२५ मध्ये इथलं २१ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कामगाराचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. आपल्या बायका स्वतःला त्याच्या निम्मंही देत नाहीत, आणि घेणारा वर म्हणतो, "पुण्यात एवढ्यात किलोभर येतं." पुण्यात येत असेल. इथे तासाचा दर इथलाच धरायला हवा.

हे बदलायची सुरुवात इथल्या मराठी मंडळांनी करावी. दिवाळीच्या कार्यक्रमात टेबल देताना नोंदणी विचारा, लेबल बघा. आणि ज्या बाईने हे सगळं केलंय, तिच्या टेबलापाशी तरी भाव पाडून मागू नका.