लघवी आमची, निकाल कुणाचा?



उसाचा हंगाम लागला की भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या राहू बेटात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. मागच्या हंगामात तिथल्या गरोदर बायांची लघवी तपासायला मी पट्ट्या घेऊन गेले. लघवीत प्रथिनं असली की पिवळी पट्टी हिरवी होते. रक्तदाब वाढलेला आणि त्यात प्रथिनं, म्हणजे झटके येण्याचा धोका. तो वेळेत कळला तर आई आणि बाळ दोघं वाचू शकतात.

बाटली हातात घेऊन एक जण म्हणाली, "ताई, आडोसा कुठंय?" पहाटे अंधारात जाऊन आली की रात्र पडेपर्यंत ती जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. मग जळजळ, ताप अंगावर काढते. बाहेर मुकादम उभा होता. "कोण पोटुशी आहे तेवढं सांगा," म्हणाला. मी सांगितलं नाही. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, 'कोयत्या'वर दिलेली असते. बाई बसली की कोयता मोडतो.

आता प्रयोगशाळांत याहून नेमक्या तपासण्यांवर काम चालू आहे, चकाकणाऱ्या पदार्थांच्या. अतिनील प्रकाशात युरोपियमची संयुगं लाल चकाकतात, टर्बियमची हिरवी. लघवीतल्या रोगाची खूण सांगणाऱ्या रेणूशी गाठ पडली की ही चकाकी वाढते किंवा मंदावते. लघवीची स्वतःचीही निळसर चकाकी असते, पण ती लगेच मावळते. युरोपियमची हजारो पटींनी जास्त टिकते. म्हणून किंचित थांबून मोजलं की नेमकं कळतं. सुई नको, रक्त नको. ही विद्या आपल्याला हवीच आहे.

पण एक धडा आपण विसरलेलो नाही. गर्भजल परीक्षा जन्मजात दोष शोधायला आली आणि मुलीचे गर्भ पाडायला वापरली गेली. त्याविरुद्ध लढलो, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. केंद्राचा १९९४ साली.

म्हणून तपासणी कोणतीही असो, आपल्या मागण्या ठरलेल्या हव्यात. कोप्यांजवळ संडास आणि पाणी. निकाल आधी तिला, तिला समजेल अशा भाषेत. तिच्या संमतीशिवाय मुकादमाला नाही, नवऱ्याला नाही, सासूलाही नाही. आणि निकाल वाईट आला तर दवाखान्यापर्यंत गाडी, बुडालेल्या दिवसाची मजुरी.

चकाकणारी पट्टी येईल तेव्हा येईल. साधी पट्टी आजच हातात आहे. येत्या हंगामाआधी आपापल्या गावात हे प्रश्न विचारायला सुरुवात करू या.