केसपेपरावरचे आंकडे कोणाचे?

मंचरच्या बाजारांत कांद्याची गोणी कांट्यावर चढली म्हणजे आमचा शेतकरी कांट्यावरून नजर काढीत नाहीं. किलोभर इकडचें तिकडे झालें तर तो आडत्याशीं हमरीतुमरीवर येतो, आणि तें योग्यच आहे. माल त्याच्या घामाचा आहे. पण तोच शेतकरी दवाखान्यांत गेला, नर्सबाईंनीं दंडाला पट्टा बांधला, फुगविला, सोडला आणि कागदावर कांहीं लिहिलें, तर "बाई, किती आला?" एवढें विचारण्याची त्याची छाती होत नाहीं. कांद्याचें वजन त्याचें, आणि रक्ताचा दाब काय डॉक्टरांचा?

ही भीड आजची नाहीं. आमच्या पणज्यांच्या काळीं जमिनीचा आकार, बाकी, वसुली सारें कुलकर्ण्याच्या दप्तरांत असे, आणि तें दप्तर मोडींत असे. रयत अंगठा देई; कशावर दिला हें तिला ठाऊक नसे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांत हेंच दुःख आहे. तें वतन गेलें, सातबारा आतां ज्याचा त्याला वाचतां येतो. केसपेपर मात्र अजून कुलकर्ण्याच्या दप्तरासारखाच राहिला आहे. फरक इतकाच कीं त्या दप्तरांत लबाडी असे. ह्या कागदावर बहुधा लबाडी नसते, नुसतें मौन असतें.

कांहीं ठिकाणीं तर कागदावर लिहावयासही कांहीं नसतें. माझी एक चुलती दोन वर्षें एका खाजगी दवाखान्यांत 'अशक्तपणा' म्हणून सुया घेत होती. दोन वर्षांत तिच्या दंडाला पट्टा एकदांही लागला नाहीं. एके पहाटे तिची उजवी बाजू गेली, तेव्हां मोठ्या इस्पितळांत प्रथम दाब मोजला; वरचा आंकडा २१० निघाला. त्या डॉक्टराला दोष द्यावा तेवढा थोडाच. परंतु सुई दिली नाहीं तर डॉक्टर कसला, सलाईन लावली नाहीं तर पैसे कशाचे, असें म्हणणारे आम्हीच ना? जो शांतपणें मोजतो, विचारतो आणि दोन गोळ्या देऊन परत पाठवितो, त्याच्या दारांत गर्दी होत नाहीं.

मोजावयाच्या गोष्टी तरी किती? ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, आणि बोटाला चिमटा लावून पाहतात तो रक्तांतला प्राणवायु. अंगाची ऊब सुमारें ९८.६ अंश असते, १००.४ च्या वर गेली म्हणजे ताप. हात लावून पाहणाऱ्याचा हातच थंड असला तर सर्वांनाच ताप आहे असें वाटतें, म्हणून थर्मामीटर. नाडी मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालीं, तीन बोटांनीं पाहावी; आपल्या अंगठ्यानें पाहूं नये, कारण अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. बसल्या जागीं मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० पडतात. नाडी धरून डोळे मिटून मागल्या जन्मींचें पाप सांगणारे पुष्कळ आहेत. घड्याळ समोर ठेवून मिनिटभर मोजणारा त्यांच्यापेक्षां अधिक उपयोगी.

श्वास म्हणजे लोहाराचा भाता. भात्याचा वेग पाहून भट्टीवर किती जोराचें काम चाललें आहे तें कळतें. मोठा माणूस स्वस्थ बसला असतां मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. रक्तदाबाचें म्हणाल तर ठिबकवाल्याला तो समजावून सांगण्याची गरजच नाहीं: नळींत दाब फार वाढला तर सांधा निसटतो, कमी पडला तर शेवटच्या झाडाला पाणी पोंचत नाहीं. १२०/८० च्या आसपास ठीक. निरनिराळ्या दिवशीं मोजून १४०/९० किंवा वर राहिला तर उपचार पाहिजे. गरोदर बाईचा तेवढा आला, त्यांत डोकें दुखतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, तर उद्यांवर टाकूं नये. त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें.

हीं शहरी थेरें आहेत असें कोणास वाटत असेल तर त्यानें महाड तालुक्याची हकीकत ऐकावी. जालना जिल्ह्यांतील देहेड गांवच्या शेतकरी कुटुंबांतले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ सालीं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोकरीस लागले. कोंकणांत तांबड्या विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व मुलें मरत. लोक म्हणत, विष चढलें. बावस्कर रुग्णांच्या उशाशीं बसले आणि तासातासानें नाडी, श्वास, दाब लिहीत गेले. त्या नोंदींतून दिसलें कीं आधीं दाब भयंकर चढतो, मग हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें आणि तोंडाला फेंस येऊन माणूस जातो. एवढें कळल्यावर दाब उतरविणारें प्राझोसिन हें औषध वापरतां आलें. शंभरांत चाळीसांच्या घरांत जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. त्यांचे निबंध विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकानें छापले; २०२२ सालीं सरकारनें पद्मश्री दिली. त्या केंद्रांत मोठी यंत्रें नव्हतीं. मोजण्याची व लिहिण्याची चिकाटी होती.

ते तरी डॉक्टर होते, असें कोणी म्हणेल. तर मग गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं तेथील खेड्यांत काम मांडलें तेव्हां लहान मुलें न्युमोनियानें फार दगावत. न्युमोनिया ओळखावयाचा कसा? श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आंतील मुलाचे ५०, पांच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा अधिक श्वास झाले तर धोका. पण गांवच्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजतां येईना. म्हणून बंगांनीं एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असें साधन केलें: दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा, वाळू संपण्याआधीं शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू. पाटी-पेन्सिल हातीं न धरलेल्या बायका न्युमोनिया ओळखूं लागल्या. पुढें ३९ गांवांत निवडलेल्या बायकांनीं घरोघर जाऊन नवजात बाळांचें वजन, ऊब, श्वास मोजला, आणि नुसतें मोजून त्या थांबल्या नाहींत, उपचारही केले. तेव्हां पहिल्या महिन्यांत मरणाऱ्या बाळांचें प्रमाण हजारीं ६२ होतें तें १९९८ पर्यंत सुमारें २६ वर आलें. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरीं खेपा घालतात त्याचें मूळ ह्या कामांत आहे. त्या ताईंना पगार नाहीं, मोबदला मिळतो. त्याविषयीं लिहावें तेवढें थोडें, पण तो विषय निराळा.

आमच्या लोकांना आंकडे समजत नाहींत, ही सबब तर मला मुळींच पटत नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, घरोघर ताप व प्राणवायु मोजला गेला. त्या दिवसांत म्हातारी देखील सांगे कीं ९५ च्या वर असलें तर बरें, ९४ च्या खालीं आलें तर गाडी काढा. सातबारा न वाचणाऱ्यांना हें कसें कळलें? कोणीतरी मोठ्यानें सांगितलें म्हणून. साथ ओसरली, चिमटा फडताळांत गेला, आणि पुन्हां मौन.

कोणी म्हणतील, मास्तर, अशानें जो तो घरचा डॉक्टर होईल. मोजणें म्हणजे औषध घेणें नव्हे. रोज दहादां दाब मोजून घाबरणारेही मीं पाहिले आहेत. त्यांनीं यंत्र शेजाऱ्याकडे ठेवावें. मोजावयाचें तें रीतसर: चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा, पांच मिनिटें पाठ टेकून बसावें, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर व हृदयाच्या पातळींत, आणि बोलूं नये. थंडगार बोटावर किंवा मेंदी-नखपॉलिशवर चिमटा खोटें बोलतो. आंकडा चांगला आला पण बाळ अंगावर पीत नाहीं, श्वास घेतांना त्याची छाती आंत ओढली जाते, तर आंकड्यावर न विसंबतां निघावें.

आमच्या लोणीसारख्या गांवाहून मंचरचें उपजिल्हा रुग्णालय गांठावयाचें म्हणजे अर्धा दिवस मोडतो, मजुरी बुडते. एवढें करून गेलेल्या माणसाला त्याचे चार आंकडे मोठ्यानें सांगावे व त्याच्या वहींत लिहून द्यावे, एवढीच मागणी आहे. त्याला एक पैसा खर्च नाहीं. ज्यांनीं आजवर सांगितलें नाहीं त्यांना विचारावें लागेल, आणि तें नम्रपणें पण उभें राहून विचारावें. वही दोन रेघांची पुरे: तारीख, ताप, नाडी, श्वास, दाब. ती रेशनकार्डाच्या पिशवींत ठेवावी, म्हणजे रात्रीं-अपरात्रीं जो कोणी माणसाला घेऊन धांवेल त्याच्या हातीं ती लागेल. नाडी मोजणें मुलांना मी गणिताच्या तासाला शिकवितों. मैदानाची एक फेरी मारण्यापूर्वींची व नंतरची, आणि मग वर्गाची सरासरी. ज्या घरांत लिहिणारें मोठें माणूस नाहीं, तेथें वही भरण्याचें काम ह्या मुलांकडे द्यावें.

— एक शाळामास्तर, लोणी, ता. आंबेगांव