डास पळविणारे तेल मांजराला घातक का?
गडचिरोलीत मलेरियाचा धोका मोठा. भामरागड तालुक्यातील हेमलकसा परिसरात डासांपासून बचाव टाळून चालत नाही. पण घरात मांजर असेल तर निलगिरी, सिट्रोनेला, टी ट्री, लवंग यांची तेले जपून वापरा.

कारण काय?
लवंग तेलातल्यासारखे फिनॉलवर्गीय घटक शरीराबाहेर टाकणारे यकृतातील एक एन्झाइम मांजरात काम करत नाही. वाघ-बिबट्यांतही हीच उणीव आहे. शिवाय अंगावर पडलेले तेल मांजर चाटते.

लक्षणे कोणती?
लाळ गळणे, उलटी, तोल जाणे, थरथर, धाप.

काय करावे?
मांजराला मोकळ्या हवेत न्या. अंगावरचे तेल सौम्य साबणाने धुवा. मुद्दाम उलटी करवू नका. लगेच पशुवैद्यकांशी संपर्क साधा.

डासांसाठी मच्छरदाणी वापरा. त्यात माणसाचे रक्षण होते आणि मांजरालाही तेलाचा त्रास होत नाही.